उजव्या बाजूचं दार

रस्ता तयार होता. सांगवी फाट्यापासून किवळ्याच्या मुकाई चौकापर्यंत सुमारे चौदा किलोमीटर, ४५ मीटर रुंद, मधोमध बससाठी राखून ठेवलेल्या लेन आणि त्यांना लागून बसस्थानकं. रंग मारून झाला होता, पाट्या येऊन पडल्या होत्या, डेपोत बसही होत्या. मग उद्या सकाळपासून बस सोडायला अडचण काय, हे मला काही केल्या कळेना. कराडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून स्थापत्य शाखेची पदवी घेऊन मी २०१५च्या उन्हाळ्यात पिंपरी-चिंचवडला आले होते आणि बीआरटी, म्हणजे राखीव लेनमधून धावणारी जलद बससेवा, सुरू करण्याच्या तयारीत हातभार लावणाऱ्या एका लहानशा सल्लागार संस्थेत कामाला लागले होते. काँक्रीटची प्रत, रस्त्याचा उतार, पावसाच्या पाण्याचा निचरा हे मी शिकले होते. बससेवा सुरू कशी करतात, हे आमच्या अभ्यासक्रमात कुठेच नव्हतं.

संस्थेतल्या आमच्या सरांनी माझ्या हातात उरलेल्या कामांची यादी दिली. ड्रायव्हरांचं प्रशिक्षण. कंडक्टरांच्या सूचना. जुन्या मार्गांचे नवे नंबर. सिग्नलच्या वेळा. वॉर्डन. बंद पडलेली बस ओढायला क्रेन. रस्ता ओलांडण्याच्या जागा. यादी चांगली दोन पानं होती आणि तिच्यात बांधकामाचं काम जवळजवळ नव्हतंच. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. यातलं कुठलं काम आधी, कुठलं नंतर, कुठलं केलं नाही तर काय बिघडेल, कशाचाच अंदाज लागत नव्हता.

कार्यालयातल्या जुन्या मंडळींच्या मनात मात्र या यादीबद्दल एक धास्ती होती. तिचं कारण शेजारच्या पुण्यात होतं. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटीचा प्रयोग सुरू झाला. देशातला तो पहिला प्रयोग. पण लेन आधी आली आणि पदपथ, ओलांडण्याच्या जागा, स्थानकं, सिग्नल यांची कामं मागे राहिली. अपघात झाले, माणसं गेली, आणि ‘बीआरटी’ ही तीन अक्षरं उच्चारली की पुणेकरांच्या कपाळावर आठी पडायला लागली. २०१५ साली नव्या मार्गांना ‘रेनबो’ असं नाव दिलं गेलं, त्यामागेही हा सगळा भूतकाळ होता. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद हा सहा किलोमीटरही नसलेला टप्पा २००८ मध्ये सुरू झाला आणि पुढे तो उखडण्याचीच वेळ आली. अहमदाबादनं वेगळी वाट धरली होती. तिथे ‘जनमार्ग’ या बीआरटीचं उद्घाटन ऑक्टोबर २००९ मध्ये झालं, पण त्याआधी लोकांना बसवून चाचणी फेऱ्या झाल्या होत्या. सर अहमदाबादला जाऊन ते बघून आले होते. “आधी चालवून बघायचं, फीत नंतर कापायची,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माझं पहिलं खरं काम होतं ‘डॉकिंग’चं. हा शब्द इथल्या ड्रायव्हरांनी आठवडाभरात आपलासा करून टाकला होता. बीआरटीच्या स्थानकाचा फलाट बसच्या तळाइतक्याच उंचीचा असतो. प्रवाशाला पायरी चढावी लागत नाही, घरातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तसा तो बसमध्ये जातो. पण हे केव्हा? बस फलाटाला अगदी चिकटून उभी राहिली तर. बस आणि फलाट यांच्यात हातभर फट राहिली, तर त्या उंच फलाटाचा काही उपयोग नाही. उलट साध्या थांब्यापेक्षा तो जास्त धोक्याचा, कारण फटीतून गेलेला पाय खाली खोल जातो.

रिकाम्या लेनमध्ये सराव चालायचा. मी फलाटाच्या कडेला टेप घेऊन उभी. बस यायची, थांबायची, मी वाकून फट मोजायची आणि ओरडून सांगायची. सेंटिमीटर कुणालाच नको होते. “ताई, वितीत सांगा,” असं एका ड्रायव्हरकाकांनी पहिल्याच दिवशी बजावलं. मग मी “दीड वीत!”, “एक वीत!”, “चार बोटं!” असं सांगू लागले. चार बोटं म्हटलं की खिडकीतून अंगठा वर यायचा.

हे काका वीस-बावीस वर्षं बस चालवत होते. त्यांनाही हे सोपं जात नव्हतं, आणि ते का, हे त्यांनीच मला समजावून सांगितलं. आयुष्यभर त्यांनी बस डावीकडे लावली. डावी बाजू ड्रायव्हरपासून लांब, म्हणून तिकडे आरशावर भिस्त ठेवायची आणि थोडी जागा सोडायची, हे हाडीमांशी भिनलेलं. आता स्थानक उजवीकडे. म्हणजे फलाट थेट त्यांच्या खिडकीखालून सरकत जाणार. दिसतं जास्त, म्हणून भीतीही जास्त. फलाटाची कड अंगावर आल्यासारखी वाटते आणि हात आपोआप स्टिअरिंग डावीकडे ओढतो. तोंड बाहेर जातं, मागचा भाग आत येतो, आणि फट पुढे एक, मागे एक.

त्यांनी स्वतःच त्यावर उपाय शोधला. फलाटाकडे बघायचंच नाही. वीस-तीस मीटर आधीच बस कडेला समांतर आणायची, नजर लांब ठेवायची, आणि शेवटच्या टप्प्यात स्टिअरिंगला हात लावायचा नाही, फक्त ब्रेक. थांबायचं कुठे, यासाठी स्थानकाच्या टोकाला खूण होती. ती खूण आपल्या खांद्याच्या रेषेत आली की बसची दारं आणि स्थानकाची दारं समोरासमोर. मीटरभर पुढे गेलं, तर स्थानकाचं दार उघडतं आणि समोर बसचा पत्रा. ही रीत त्यांनी बाकीच्यांना शिकवली. आमच्या प्रशिक्षणाच्या कागदांत यातलं निम्मंही नव्हतं. पुढे मी ते लिहून काढलं, त्यांना वाचून दाखवलं, आणि त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या करूनच ते टंकायला दिलं.

एवढा आटापिटा कशासाठी, हे आकडेमोडीनं कळलं. गर्दीच्या वेळी दर दोन मिनिटांना एक बस आणायची असेल, तर प्रत्येक बसला स्थानकात थांबायला फार तर अर्धं-पाऊण मिनिट मिळतं. साध्या थांब्यावर लोक दोन पायऱ्या चढतात, एकमेकांना वाट देतात, पिशव्या वर ओढतात. त्यात मिनिट-दीड मिनिट सहज जातं. इथे तेवढा वेळ गेला, तर मागची बस पुढच्या बसच्या शेपटीला येऊन टेकते, तिच्यामागे तिसरी. लेनच्या दोन्ही बाजूंना कठडे असल्यानं बाजूनं काढायची सोय नाही. बोगोटा शहरानं डिसेंबर २००० मध्ये ‘ट्रान्समिलेनियो’ ही बीआरटी सुरू केली तेव्हा स्थानकांपाशी ओव्हरटेकसाठी वेगळी लेन ठेवली. आपल्याकडे तेवढी रुंदी काढायची तर पदपथाचा नाही तर घरांचा बळी जातो. म्हणूनच यादीत क्रेन होती. राखीव लेनमध्ये एक बस बंद पडली की सगळा मार्गच बंद, त्यामुळे क्रेन कुठे उभी राहणार आणि किती मिनिटांत पोचणार, हे आधी ठरवणं भाग होतं.

दारांचं कोडं मात्र मला बरेच दिवस सुटलं नाही. मेट्रो आपल्या रुळांवरच राहते. आपली बस तशी नाही. ती पुण्याच्या गर्दीतून साध्या रस्त्यानं, साधे थांबे घेत येते, सांगवी फाट्याला राखीव लेनमध्ये शिरते आणि पुढे पुन्हा बाहेर पडू शकते. लोकांना बस बदलावी लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे आणि मला तो मनापासून पटतो. पण त्यासाठी बसला दोन्ही बाजूंना दारं लागतात. बाहेर डावीकडचं उघडायचं, आत उजवीकडचं. बसमध्ये चढलेल्या माणसाला हे कसं कळावं? डावीकडून चढलो म्हणजे डावीकडूनच उतरायचं, हे कुणी न शिकवता अंगात मुरलेलं असतं. त्यातून डावीकडची आसनं बायकांची ही पुण्याच्या बसची जुनी रीत. म्हणजे उतरायच्या वेळी लेकुरवाळी बाई पिशवी सावरत डाव्या दाराकडे वळणार आणि दार उघडणार तिच्या पाठीमागे, उभ्या गर्दीच्या पलीकडे.

बसमध्ये द्यायच्या सूचनांचा मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, ‘प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी, पुढील स्थानकावर उतरण्यासाठी उजव्या बाजूच्या दरवाजाचा वापर करावा.’ एका कंडक्टरताईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, “हे म्हणून होईपर्यंत स्टॉप मागे पडतो.” त्यांनी स्वतःची घोषणा ठरवली. लेनमध्ये शिरता शिरता एकदा, सगळ्यांना ऐकू जाईल अशी: “आता उजवीकडून उतरायचंऽऽ!” आणि स्थानक येण्याआधी फक्त नाव आणि “उजवीकडून!” चाचणी फेऱ्यांमध्ये याचा उपयोग डोळ्यांनी दिसला. नाव ऐकलं की माणसं वळायला लागायची, दार उघडायच्या आधीच.

ऑगस्टअखेर पुण्यात संगमवाडी–विश्रांतवाडी मार्ग सुरू झाला. आम्ही तो बघायला गेलो. बसपेक्षा मी चौकांकडेच जास्त बघत होते, कारण तेव्हा माझ्या डोक्यात सिग्नल घोळत होता. बस रस्त्याच्या मधोमध चालते, म्हणून उजवीकडे वळणारी प्रत्येक मोटार तिच्या वाटेत आडवी येते. दोघांना एकाच वेळी हिरवा दिवा देता येत नाही. उजव्या वळणाला वेगळा वेळ द्यायचा, तर तो कुणाच्या तरी वाट्यातून कापायचा. दोन मिनिटांच्या फेऱ्यात वीस सेकंद इकडे गेले की ते सरळ जाणाऱ्यांचे गेले, आणि त्या सरळ जाणाऱ्यांत बसही आली. माझं मत तेव्हा झालं आणि आजही तेच आहे, की गजबजलेल्या चौकात उजवं वळण बंद करून पुढून यू-टर्न द्यावा. मोटारवाल्याला थोडा वळसा पडतो, पण बसमधल्या साठ माणसांचा खोळंबा टळतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले, तिच्याकडे येते.

काळेवाडी फाट्याच्या अलीकडे चाचणी फेऱ्या चालू असताना एक आजी पदपथाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. नऊवारी, हातात औषधांची पिशवी, गुडघ्याला पट्टा. औंधच्या जिल्हा रुग्णालयात जायचं होतं. त्यांचा पूर्वीचा थांबा त्या उभ्या होत्या तिथेच, झाडाखाली होता. आता तो रस्त्याच्या मध्यावर जाणार होता. त्यांनी मला विचारलं, “स्टॉप मधे कशाला नेला गं पोरी?”

मी सांगितलं. कडेला रिक्षा उभ्या राहतात, दुकानांचे टेम्पो लागतात, सोसायट्यांच्या फाटकांतून गाड्या बाहेर येतात. तिथे बसला वाट कधीच मोकळी मिळत नाही. मध्ये यातलं काहीच नसतं, म्हणून बस वेगानं जाते. आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“ते बसचं झालं,” त्या म्हणाल्या. “माझं काय?”

मी त्यांच्याबरोबर रस्ता ओलांडला. पायी चालणारा माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून सिग्नलचा हिशेब करतात. कडेपासून स्थानकापर्यंत नऊ-दहा मीटर, म्हणजे आठ सेकंद. आजींनी पहिलं पाऊल टाकायच्या आधी दोन्हीकडे पाहिलं, त्यातच दोन-तीन सेकंद गेले. मग एक पाय, दुसरा त्याच्या बरोबरीला, पुन्हा पहिला. मध्येच एक दुचाकी आमच्या पुढून गेली तशा त्या जागीच थबकल्या आणि माझं मनगट घट्ट धरलं. स्थानकाच्या उतारावर हात टेकेपर्यंत वीस सेकंद उलटून गेले होते. आत पोचल्यावर मात्र त्यांचा चेहरा खुलला. बस फलाटाला लागली, चार बोटं फट, आणि त्या गुडघा न वाकवता आत गेल्या. पायरी नाही याचं त्यांना फार अप्रूप वाटलं. दारात वळून त्या म्हणाल्या, “हे बेस केलंय.”

त्या दिवसापासून मला यादी वाचता यायला लागली. मधल्या स्थानकापर्यंत जाणारा प्रत्येक माणूस जाताना अर्धा रस्ता ओलांडतो आणि परतीच्या बसमधून उतरल्यावर तोच अर्धा पुन्हा. प्रवास बसमध्ये सुरू होत नाही, पदपथावर सुरू होतो. तिथे माणूस घाबरला, तर डॉकिंग कितीही अचूक असो, तो रिक्षाच करणार. आम्ही ओलांडण्याच्या जागा पुन्हा पाहिल्या. कुठे पट्टे स्थानकाच्या तोंडापासून लांब पडत होते, कुठे दुभाजकाचा कठडा वाटेत येत होता, कुठे पट्टे रस्त्याच्या पातळीपेक्षा उंच केले तर गाड्या आपसूक हळू होतील असं दिसत होतं. पायी चालणाऱ्यांच्या हिरव्या दिव्यासाठी सेकंदाला १.२ मीटरऐवजी कमी वेग धरावा, असं टिपण मी लिहिलं, आणि सोबत वेगवेगळ्या वयाच्या माणसांच्या प्रत्यक्ष मोजलेल्या वेळा जोडल्या. सरांनी त्यातला एकही शब्द न बदलता ते पुढे पाठवलं. काही ठिकाणी वेळ वाढवून मिळाला, काही ठिकाणी वॉर्डन उभे करायचं ठरलं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सांगवी–किवळे मार्ग सुरू झाला. फुलांच्या माळा, फोटो, कौतुक. पहिले काही दिवस माणसं नुसती बघायला म्हणून बसत होती. घरची सगळी मंडळी घेऊन रावेतपर्यंत जाऊन परत येणारेही दिसले. मग रोजचं सुरू झालं, आणि रोजच्यातली सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे लेनमध्ये शिरणाऱ्या दुचाक्या.

लेन बाहेरून रिकामी दिसते. शेजारी मोटारींची रांग तुंबलेली, आणि इथे मोकळा रस्ता. माणसाला मोह होतो. पण तीन मिनिटांना एक बस, तिच्यात साठ माणसं, असा साधा हिशेब केला तर तासाला बाराशे माणसं त्या ‘रिकाम्या’ लेनमधून जातात. तीच माणसं मोटारींतून न्यायची तर दोघा-दोघांना एक धरून सहाशे मोटारी लागतील. हे रस्त्यावर उभ्या माणसाला दिसत नाही. त्याला दिसतात दोन बसमधली रिकामी तीन मिनिटं.

त्या तीन मिनिटांवर पहारा द्यायला वॉर्डन असतात. चौकातल्या एका वॉर्डनशी माझी चांगली ओळख झाली. परभणीकडचा, माझ्याच वयाचा, शिट्टी आणि हातातली काठी एवढंच हत्यार. लोक त्याला शिव्या देत, गाडी अंगावर घालत, ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणत. अँब्युलन्स आली की तो स्वतः पळत जाऊन तिला आत घ्यायचा. बाकी कुणालाही नाही, ओळखीच्यालाही नाही. या मार्गाची जी काही शिस्त टिकली, ती उन्हातान्हात उभ्या असलेल्या अशा पोरांमुळे टिकली, असं मी ठामपणे म्हणेन. आराखड्यात त्यांची नोंद ‘मनुष्यबळ’ एवढीच असते.

२००१च्या जनगणनेत दहा लाखांचं असलेलं पिंपरी-चिंचवड २०११ मध्ये सतरा लाखांवर गेलं होतं. वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत इथे रोज नवे मजले चढत होते, आणि प्रत्येक मजल्यासोबत खालच्या पार्किंगमध्ये गाड्या. लोकांनी गाडी घ्यायच्या आधी बस त्यांच्या दारात पोचली पाहिजे, अशी ती शर्यत होती. एकदा गाडी घेतली, तिचे हप्ते सुरू झाले, की त्या माणसाला बसकडे वळवणं महाकठीण. म्हणून घाई हवी, हे खरं. पण जुन्या मुंबई–पुणे महामार्गावरचा दापोडी–निगडी बीआरटी मार्ग बघा. सुरक्षिततेचे प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेले, मुंबईच्या आयआयटीकडून तपासणी झाली, आणि बस धावली ती ऑगस्ट २०१८ मध्ये. तेवढ्या वर्षांत किती हप्ते सुरू झाले असतील, याचा विचार केला की जीव हळहळतो. ओलांडण्याच्या जागांचं काम सुरुवातीलाच केलं तर घाईलाच मदत होते, हे मला तिथे पटलं.

नोव्हेंबर २०१५ मध्ये नाशिक फाटा–वाकड मार्ग सुरू व्हायचा होता. त्याची यादी करायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं. मी ओलांडण्याच्या जागा सगळ्यांत वर घेतल्या आणि त्याखाली डॉकिंग, मग दारं, मग सिग्नल. सरांनी यादीवर नजर फिरवली, वरच्या ओळीखाली रेघ मारली आणि विचारलं, “पाळी किती वाजता सुटते?” कारखान्यांची पाळी सुटल्यावर कासारवाडी स्टेशनकडे जाणाऱ्या माणसांचा लोंढा नाशिक फाट्याला रस्ता ओलांडतो. सकाळी अकरा वाजता मोजलेल्या आकड्यांत तो येत नाही. मी टेप आणि घड्याळ घेऊन संध्याकाळी तिकडे गेले.